अंगठ्याचं इंग्लिश

शरणप्पाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या माणसाला मंजुश्रीचं कौतुक ऐकल्याशिवाय पीठ मिळत नसे. गिरणी देवणीच्या बाजारगल्लीत. पट्ट्याच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळे लेकीचं हे कौतुक चार दुकानं पलीकडंही आपोआप पोचायचं. "आमची मंजू दिवसभर इंग्लिशमधी लिहीत राहती," तो सांगायचा आणि डबा आपटून पीठ खाली बसवायचा. कुणी मान हलवायला कुचराई केली, तर तो गिरणीमागच्या खोलीकडं बोट दाखवायचा. तिथं उंबऱ्यावर मंजू बसलेली असायची, मान खाली, दोन्ही अंगठे मोबाईलवर. जवळ जाऊन बघावं तर काचेवर खरोखरच एबीसीडीची अक्षरं भराभरा उमटत असायची. म्हातारी माणसं तोंडात बोट घालायची. पोरगी एवढं इंग्लिश लिहिते आणि कुठं अडत नाही, खोडत नाही, म्हणजे काय चेष्टा आहे?

शरणप्पा स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि सातवीत शाळा सुटली. तेवढ्यात सव्वीस अक्षरं त्याच्या पदरात पडली, तीही धड नाहीत. छोट्या लिपीतल्या बी आणि डीमध्ये त्याचा जो घोळ तेव्हा झाला, तो अजून निस्तरला नव्हता. पण अक्षरं ओळखू यायची. मोटारीवरच्या पत्र्यावर ती होती, खताच्या पोत्यावर होती, वीजबिलावर होती, आणि त्या सगळ्याला इंग्लिश म्हणायचं एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. अक्षरं एक आणि भाषा दुसरी, असंही असू शकतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कधी आली नव्हती.

आता लपवून काय उपयोग, मोबाईलचा निवाडाही त्यानंच दिला होता. मंजू सातवीत असताना लॉकडाऊन लागलं, शाळा मोबाईलवर आली आणि शरणप्पानं उदगीरहून नवा मोबाईल आणला. त्याआधी पोरगी रोज संध्याकाळी चार रेघांच्या वहीत पुस्तकातलं एक पान इंग्रजी उतरवून काढायची आणि शेवटी दोन वाक्यं स्वतःच्या मनानं लिहायची. चुकायची, खोडायची, पुन्हा लिहायची. तिच्या आईला, शिवकांताला, इंग्रजीचं अक्षर कळत नसे, पण पान भरलं की नाही हे ती बरोबर बघायची. मोबाईल आला आणि पान बंद पडलं. शिवकांतानं घर डोक्यावर घेतलं. शरणप्पा हसला.

"अगं, वहीत एक पान लिहीत होती, आता दिवसाला धा पानं लिहून राहिली. तेबी इंग्लिशमधी. उगं बोलू नको."

शिवकांतानं वही उचलून फळीवर ठेवली. तिच्याजवळ नुसता संशय होता.

बरं, पोरगी ढ होती असंही नाही. गल्लीत कुणाचाही इंग्रजी कागद आला, दवाखान्याचा असो की बँकेचा, ती त्याचा फोटो काढायची, अंगठा दोनदा फिरवायची आणि सगळा मजकूर मराठीत घडाघडा सांगायची. मोबाईलच तिला तो उलगडून देतो, हे बघणाऱ्याला कसं कळावं? लोक म्हणायचे, शरणप्पानं नशीब काढलं.

शरणप्पाच्या डाव्या डोळ्यावर पडदा येतोय हेही तिनंच ओळखलं. तो ज्वारीचा डबा गव्हात उलटा करायला निघाला होता. तिनं हात धरला, त्याला बाहेर उजेडात बसवलं आणि एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावली. अकरावीतली पोर. उदगीरच्या डोळ्यांच्या शिबिरातही तीच त्याला घेऊन गेली, आणि पुढं ऑपरेशनही झालं. तिथं पांढऱ्या कोटातल्या दोन मुली म्हाताऱ्यांच्या नाकावर भिंगांची चौकट चढवून विचारत होत्या, आता बरं दिसतं का मघाचं? मंजू दिवसभर त्यांच्याकडं बघत राहिली. परत येताना एसटीत म्हणाली, "अप्पा, मला हेच करायचंय."

बारावीनंतर या कामाचा दोन वर्षांचा कोर्स हैदराबादच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात होता. राहणं-खाणं त्यांचं, आणि पुढं लातूर-नांदेडकडं नोकरीही तेच देणार. मराठवाड्यातून बारा मुली घ्यायच्या होत्या. उत्तराला गोल करायच्या परीक्षेला तीनशे जणी बसल्या, त्यात मंजू सातवी आली. आता एकच राहिलं होतं. लातूरच्या त्यांच्या शाखेत जाऊन एक पान इंग्रजीत लिहायचं. पेनानं, तिथंच बसून.

"एवढंच होय?" शरणप्पा गिरणीत म्हणाला. "मंग झालंच म्हना की."

झालं नाही तर देवणीतच बी.ए.ला नाव घालायचं आणि स्थळं बघायची, असं शिवकांतानं ठरवून ठेवलं होतं. बिलोलीचं एक स्थळ तर सांगूनही आलेलं होतं. मंजूला हे माहीत होतं. म्हणून तर ती महिनाभर नीट जेवत नव्हती, असं शरणप्पा समजत होता.

त्या सोमवारी सकाळच्या एसटीनं बापलेक लातूरला निघाले. मंजूनं मोबाईलला हातही लावला नाही. खिडकीबाहेर बघत बसली.

"अप्पा," मधेच ती म्हणाली.

"काय गं?"

"मी काय म्हणते… तिथं जर मला…"

तेवढ्यात शेजारच्या सीटवरच्या माणसानं कुठं चाललात म्हणून विचारलं, आणि असा प्रश्न विचारल्यावर शरणप्पा थांबतोय कुठला. त्यानं डोळ्यांच्या कोर्सपासून सुरुवात केली ती लातूरच्या पुढच्या उजनीच्या पाटीपर्यंत थांबली नसती, पण लातूर आधी आलं. "इंग्लिशमधी लिहायचंय एक पान," तो सांगत होता, "पर तिला काय, रोजचंच हाय." मंजूनं पुन्हा खिडकीकडं तोंड फिरवलं. उतरताना त्यानं विचारलं, "काय म्हनत होतीस?" ती म्हणाली, "काही न्हाई."

शाखेच्या दारात टेबल टाकून शकिला नावाची बाई बसली होती. लातूरचीच, चाळिशीची, बोलायला मोकळी. तिनं यादीत मंजूचं नाव शोधलं आणि मोबाईल बाहेर ठेवायला सांगितलं. मंजूनं तो बापाच्या हातात दिला. देताना तिची बोटं गार लागली.

"घाबरू नको," शरणप्पा म्हणाला. "रोजच्यासारखं लिही." आणि शकिलाकडं वळून, "इंग्लिशमधी पक्की हाय पोरगी."

आत काचेच्या दारापलीकडं वीसेक मुली बाकांवर बसल्या. हैदराबादहून आलेल्या मॅडमनी फळ्यावर एक ओळ लिहिली. मॅडम तेलुगू, त्यांना इंग्रजी येई आणि कामापुरतं हिंदी.

"काय लिहायचंय ते?" शरणप्पानं शकिलाला विचारलं.

"हे काम तुम्हाला कामून, कशासाठी करायचंय, तेवढंच. स्वतःच्या मनानं. पाठ केलेलं चालत न्हाई. पाऊण तास हाय, बसा भाऊ."

शरणप्पा काचेसमोरच्या बाकावर बसला. तिथून मंजूची पाठ, उजवा खांदा आणि कोपर दिसत होतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्याला कोपर अगदी स्पष्ट दिसलं. ते हलत नव्हतं. विचार करत असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पाच मिनिटं गेली. बाजूच्या मुली लिहायला लागल्या. कोपर हललं, थोडं पुढं गेलं, मग तीनचार वेळा एकाच जागी घासल्यासारखं मागं-पुढं झालं. खोडतीय. मोबाईलवर ती कधी खोडत नसे. शरणप्पाच्या मनात कुठंतरी पाल चुकचुकली.

तेवढ्यात हातातला मोबाईल थरथरला. काचेवर एक पट्टी आली. वरच्या नावात एस होता, म्हणजे सुकन्या असणार, नायगावची. दोघींची ओळख मोबाईलवरच झालेली, आणि आता सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतकं दोघी एकमेकींना लिहायच्या. खाली मजकूर होता. सगळा इंग्लिशमध्ये.

दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि दारापलीकडं बघवत नव्हतं, म्हणून शरणप्पा अक्षरं लावायला लागला. आर. ए. मग बी. मग यू. रबू. पुढं एन, के, ओ. नको. रबू नको? रबू म्हणजे काय असेल इंग्लिशमध्ये? मग त्याला आपला जुना घोळ आठवला. ती बी नसेल, डी असेल. रडू. रडू नको.

त्याला आधी आनंद झाला, हे सांगायलाच पाहिजे. छाती भरून आली त्याची. पन्नाशीला टेकलेला माणूस, सातवी नापास, आणि इंग्लिश वाचतोय, समजतंयही. त्यानं घाईघाईनं पुढची अक्षरं धरली. के, ए, एच, आय. काही. पी, एन. हे अडलं, पण मग 'पण' लागलं. काही पण लिही. पुढं लांबलचक शब्द होता, त्यातली निम्मी अक्षरं खाऊन टाकलेली. तोही सुटला.

रडू नको. काही पण लिही. इंग्लिश कोण बघतंय.

शरणप्पानं ते तीनदा वाचलं. इंग्लिश इतकं सोपं कसं, हा प्रश्न तिसऱ्या वेळेला त्याच्या मनात आला आणि तिथंच तो अडला. हे इंग्लिश नव्हतंच. ही तर आपलीच बोली. घरात बोलतो ती, गिरणीत बोलतो ती. नुसते कपडे इंग्लिशचे घातलेले. म्हणजे पाच वर्षं दिवसभर अंगठे चालले ते हे होतं. ते बघायला गल्ली गोळा झाली, ते हे होतं. वहीतलं पान त्यानं ज्याच्यासाठी बंद होऊ दिलं, ते हे होतं. पोरीनं त्याला कधी फसवलं नव्हतं. तिनं कधी म्हटलंच नव्हतं की मी इंग्लिश लिहिते. म्हणत होता तो तोच, आणि तेही चार दुकानं पलीकडं ऐकू जाईल असं.

तो उठला. काचेपर्यंत गेला, परत आला.

"बाई," तो शकिलाला म्हणाला, "मराठीत लिहिलं तर चालत न्हाई का हो?"

"कामून? आपली मुलगी तर इंग्लिशमधी पक्की हाय मनला न तुमी मघाशी."

"पक्कीच हाय," शरणप्पाच्या तोंडून निघून गेलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पर समजा. एखादीला सगळं काम येतं. डोळा बघितला की वळखती. नुसतं लिहायलाच…"

"भाऊ, ते आमच्या हातात न्हाई," शकिला म्हणाली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "पेशंटचा सगळा कागद इंग्लिशमधी लिहावा लागतो. तोच कागद बघून डॉक्टर ऑपरेशन करतो. डावा का उजवा, औषध कवा, किती. तिथं चुकलं तर मानसाचा डोळा जाईल न. मंग?"

त्याचा स्वतःचा डोळा अशाच कुठल्यातरी मुलीनं लिहिलेल्या कागदावर नीट झाला होता. तो परत बाकावर बसला. आत जाऊन पोरीला उठवून आणावं असं त्याला वाटलं, आणि नेऊन काय करायचं हेही लगेच वाटलं. घरी शिवकांता वाट बघत होती. बिलोलीचे लोक वाट बघत होते.

पंचवीस मिनिटं राहिली असतील तेव्हा मंजूचं कोपर हललं. एकदा हललं ते थांबेचना. डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडून उजवीकडं, सगळ्या मुलींपेक्षा वेगात. तिनं वेणी पाठीवर टाकली आणि मान आणखी खाली घातली. शरणप्पा तो वेग ओळखत होता. तरी माणसाची आशा बघा, तो मनातल्या मनात म्हणत राहिला, आठवलं असेल. सातवीपर्यंतचं सगळं आठवलं असेल तिला. एकदा हातात बसलेलं कुठं जातंय?

घंटा झाली. मुली बाहेर आल्या आणि मॅडम एकेक कागद बघू लागल्या. मंजू बापाशेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं मॅडमनी शकिलाला आत बोलावलं. शकिला कागदावर वाकली, डोळे बारीक केले, मान हलवली आणि दार उघडून बापलेकीला आत यायची खूण केली.

टेबलावर मंजूचं पान होतं. काठोकाठ भरलेलं. वर दोन ओळी, त्यातली दुसरी तीनदा खोडलेली, आणि मग खाली एकही खाडाखोड नसलेलं सलग लिखाण.

मॅडमनी मंजूला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मंजू जमिनीकडं बघत राहिली. मॅडमनी हिंदीत विचारलं, ही कुठली भाषा आहे? मॅडम रागावल्या नव्हत्या, उलट जरा गोंधळल्यासारख्या दिसत होत्या. गोल करायच्या परीक्षेतले तिचे मार्क त्यांच्यासमोर लिहिलेले होते. एवढ्या हुशार मुलीनं हे काय केलं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"मराठीच हाय, पर लागंना गेलंय," शकिला म्हणाली. "अर्धे अक्षरं खाल्ले हिनं. मॅडम म्हनतात काय लिहिलंय तेवढं तरी समजू द्या."

"मी वाचतो," शरणप्पा म्हणाला.

"नको अप्पा," मंजू पहिल्यांदाच बोलली. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. लाजतीय, त्याला वाटलं. आता लाजून कसं चालेल? मॅडम ऐकायला तयार होत्या, आणि ऐकून कदाचित, कुणी सांगावं. त्यानं कागद उचलला आणि पान डोळ्यांसमोर धरून अक्षरं लावायला सुरुवात केली.

वरच्या दोन ओळी त्यानं सोडल्या. त्या इंग्लिशच्या होत्या, त्याला लागल्या नाहीत. तिसऱ्या ओळीपासून तो एकेक शब्द सोडवत गेला, बी आणि डीला अडखळत, आणि शकिला प्रत्येक वाक्य हिंदीत सांगत गेली.

"माझ्या अप्पाला ज्वारी आन् गहू सारखे दिसायला लागले." तो थांबला. "पिठाचं काम करनाऱ्याच्या पापन्या पांढऱ्याच असतात. मनून डोळा पांढरा झाला ते लवकर कळत न्हाई. मी एक डोळा झाकून दोन बोटं दाखवली. अप्पानं चार सांगितली. आन् हसले. मला हसू आलं न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"गिरनीत येनारे लई जन नीट दिसत नसताना येतात. भिंतीला हात लावत येतात. कुनाला सांगत न्हाईत. कुनी कामाला ठेवनार न्हाई मनून भेतात. मी बघते. मला त्यांच्या चालन्यावरून कळतं. मला त्यांचे डोळे तपासायचे हायत."

शरणप्पाला एवढं वाचायला दहा मिनिटं लागली. आयुष्यात त्यानं एवढं सलग काही वाचलं नव्हतं. ही पोरगी त्याच्या गिरणीत बसून हे सगळं बघत होती, आणि तो लोकांना तिचे अंगठे दाखवत होता.

मग मॅडम हळूहळू हिंदीत बोलल्या. फार चांगलं लिहिलंय, त्या म्हणाल्या. मनापासून लिहिलंय. पण हे इंग्लिश नाही, आणि या पानाला त्यांना मार्क देता येत नाहीत. एक मार्कही नाही. हैदराबादला कागद जातो, तिथं हे कोण वाचणार? पुढच्या वर्षी मुलीनं पुन्हा यावं. पुढच्या वर्षी मंजू कुठं असेल, हे मॅडमना माहीत असायचं कारण नव्हतं. शरणप्पा नुसता मान हलवत राहिला. भांडावं असं समोर कुणीच नव्हतं.

"और ये नीचे?" मॅडमनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. समासाला चिकटून, अगदी बारीक अक्षरात दोन ओळी राहिल्या होत्या.

शरणप्पानं कागद जवळ घेतला. आता त्याला सवय झाली होती, अक्षरं आपोआप जुळत गेली. एम, ए, एल, ए. मला. मला इंग्लिश येत नाही. पुढं त्याचंच नाव होतं, घरात हाक मारतात ते. अप्पाला वाटतं येतं. ते सगळ्यांना सांगतात. प्लीज त्यांना सांगू नका.

मंजूनं त्याची बाही सोडली होती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, श्वास धरून. शकिलाही पुढं वाकली. तिनं ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले, अर्ध्यात थांबली आणि शरणप्पाकडं बघितलं.

शरणप्पानं कागद टेबलावर ठेवला.

"ते खालचं इंग्लिशमधी हाय, बाई," तो म्हणाला. "मला कुठं येतं इंग्लिश."